गळ्याआधी कान



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशा तयारीने श्रोते येतात. व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "पक्ष्यांचे गाणे." ते जरा थांबून म्हणाले, "भाऊ, पुन्हा एकदा सांगता का? मी काही चुकीचे ऐकले वाटते." त्यांनी बरोबरच ऐकले होते. चुकीचे ऐकणारा मी आहे, आणि माझ्या आजच्या विषयाचे मूळ त्यातच आहे. ते कसे, हे शेवटी सांगेन.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटाने केले. पक्ष्यांची मराठी नावे मला दिवंगत मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकांनी शिकवली. शास्त्रज्ञांचे इंग्रजी निबंध माझी मुलगी मला समजावून सांगते. ती शास्त्राची पदवीधर आहे. तेव्हा आज जे बरोबर असेल ते त्या लोकांचे, आणि जे चुकेल ते माझे, असे समजून आपण ऐकून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. मी आणि मुलगी सकाळी येलदरी धरणाच्या खालच्या अंगाच्या झाडीत फिरत होतो. पळस फुलला होता आणि त्याच्या शेंड्यावर एक शिंजिर बसला होता, निळसर काळा, उन्हात चकचकणारा. मुलगी म्हणाली, "बाबा, काय गातोय हा!" मी वर पाहिले. चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता, सारे अंग डोलत होते. आणि मला काहीही ऐकू येत नव्हते. तिने विचारले, "ऐकू येतंय ना?" मी म्हणालो, "हो." पोरीशी खोटे बोललो. त्याच वेळी कुठून तरी कोकीळ ओरडला, तो मात्र स्वच्छ ऐकू आला. एकाचे गाणे मला पोचते आणि दुसऱ्याचे का पोचत नाही, या कोड्यापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम पक्ष्याचा आवाज निघतो कोठून ते पाहू. आपले स्वरयंत्र गळ्यात, श्वासनळीच्या वरच्या टोकाला असते. पक्ष्यालाही तेथे एक यंत्र असते, पण त्यातून स्वर निघत नाही. त्याचे खरे वाद्य खाली छातीत, जेथे श्वासनळीला दोन फाटे फुटून एक डाव्या आणि एक उजव्या फुप्फुसाकडे जातो, त्या दुफाट्यावर असते. शास्त्रज्ञ त्याला सिरिंक्स म्हणतात. तेथे नाजूक पडद्या असतात. खालून हवेचा झोत आला की त्या थरथरतात आणि स्वर उमटतो. सनईची जिभळी थरथरते तोच प्रकार. भाता म्हणून पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात.

या वाद्याची गंमत ही की दोन्ही फाट्यांवरच्या पडद्या वेगवेगळ्या हलवता येतात. आपल्याकडे जोडपावा वाजवणारा गुराखी एका तोंडाने दोन पावे फुंकतो. पक्षी तेच छातीतल्या छातीत करतो, आणि काही जाती एकाच वेळी दोन निराळे सूर काढतात. हे पडदे ताणणारे स्नायू प्राणिसृष्टीतल्या सर्वांत चपळ स्नायूंपैकी आहेत. ते सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा आखडतात आणि सैल होतात. कॅनरी पक्षी सेकंदाला वीस-पंचवीस तुकडे म्हणतो आणि दोन तुकड्यांच्या फटीत चोरटा श्वास घेतो. त्याची तान लांबते ती या चोरट्या श्वासांमुळे.

वाद्य असे आहे. पण वाद्य असले म्हणजे गाणे येते असे नाही. घरात पेटी असलेल्या प्रत्येकाला ती वाजवता आली असती, तर पेटी-मास्तरांना कोणी विचारले नसते. गाणे कोण शिकवतो?

आपल्याला वाटते, पाखराला सारे जन्मतःच येते. काही पाखरांच्या बाबतीत ते खरेही आहे. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. पिल्लू कावळ्यांच्या हातचे खाऊन वाढते, दिवसभर काव काव ऐकते, आणि मोठे झाल्यावर कुहू कुहू म्हणते. बापाची शिकवणी त्याला कधी लागलेली नसते. तीच गोष्ट पावशाची. मृगाआधी "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून आपल्या शेतकऱ्याला जागे करणारा हा पावशा सातभाईंच्या घरट्यात वाढतो. तरी सातभाईंचा कलकलाट त्याच्या तोंडी येत नाही. या कुळाची हाक उपजतच असते. जाता जाता सांगतो, आपल्या कवितांतून कोकिळा गाते. प्रत्यक्षात कुहू म्हणतो तो नर. मादी ठिपकेदार असते आणि किक्-किक् असा आवाज काढते.

पण दयाळ, बुलबुल, शिंजिर, चंडोल, मुनिया, साळुंकी यांची जात वेगळी. हे गायक पक्ष्यांचे कुळ. या कुळातले जे जे पक्षी तपासले गेले, ते गाणे शिकणारे निघाले. आणि आपल्याला नवल वाटेल, शरीररचनेने पाहिले तर कावळा या गायक कुळात बसतो आणि कोकीळ बसत नाही! शिकणारे आणखी दोनच पक्षिगट आहेत, पोपटांचा आणि अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांचा. सस्तन प्राण्यांत माणूस, देवमासे, वटवाघळे अशी मोजकी मंडळी आवाज शिकतात. आपला बैल आणि आपला कुत्रा या शाळेत कधी गेलेले नाहीत. माकड आपले जवळचे नातेवाईक. पण बोलणे शिकण्याच्या बाबतीत आपण माकडापेक्षा मुनियेला अधिक जवळचे आहोत.

हे कळले कसे? १७७३ साली डेन्स बॅरिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लिनेट जातीची पिल्ले त्याने चंडोलांच्या सोबतीत वाढवली, तेव्हा ती चंडोलांचे गाणे म्हणू लागली. मग १९५०च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी नवे यंत्र हाती घेतले. आवाजाचे चित्र कागदावर काढणारे ते यंत्र होते. त्यांनी चॅफिंच पक्ष्याची पिल्ले एकेकटी वाढवली. ती मोठेपणी गायली, पण ते गाणे ओबडधोबड होते. त्यात जातीचा ठसा पुसट होता आणि कलाकुसर नव्हती. म्हणजे गाण्याचा ओढा रक्तात असतो, गाणे रक्तात नसते.

पुढे १९६५ साली मासाकाझु कोनिशी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्रयोग ऐकायला क्रूर आहे, पण त्यातून कळले ते मोठे. एका अमेरिकन चिमणीच्या पिल्लांनी आधी प्रौढांचे गाणे ऐकले. मग सरावाला बसण्यापूर्वी त्यांचे कान गेले. गाणे आठवणीत होते, गळा धडधाकट होता. तरी ती पिल्ले नुसती खरखरत राहिली. याचा अर्थ कान दोनदा लागतो. एकदा गुरूचे ऐकायला, आणि पुन्हा स्वतःचे ऐकायला. स्वतःचा सूर ऐकून तो आठवणीतल्या सुराशी ताडून पाहता आला नाही, तर चूक सुधारत नाही.

आज जगभर या विद्येचे काम मुख्यतः एका चिमुकल्या पक्ष्यावर चालते. त्याचे नाव झेब्रा फिंच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या मुनियेच्या कुळातला, चोच लाल. आपल्या राज्यातही हे काम चालते. पुण्यात पाषाणला आयसर ही संस्था २००६ साली निघाली, तेथे डॉ. राघव राजन यांची प्रयोगशाळा याच पक्ष्यावर काम करते. त्याचे गाणे जेमतेम सेकंदभराचे. ते नर पिल्लू बापाकडून शिकते. महिना-दोन महिन्यांचे होईतो ते ऐकून ठेवते. महिन्याच्या सुमारास बोबडे बोलू लागते, अगदी आपल्या तान्ह्या पोरासारखे. काही सूर इकडचा, काही तिकडचा, धड काहीच नाही. दिवसाला शेकडो वेळा घोकते. हळूहळू बापाचे तुकडे त्यात दिसू लागतात आणि सुमारे ९० दिवसांत गाणे पक्के होते. पुढे ते बदलत नाही. मादी गात नाही, पण तिचा कान तिखट. कोणाचे गाणे सुबक हे तिला कळते. ध्वनिक्षेपकावर गाणे लावून ठेवले, तर पिल्लू शिकते थोडे; समोर जिवंत गुरू असला तर शिकते पुष्कळ. हे मी शिक्षक बंधूंना आवर्जून सांगतो, कारण आजकाल मुलाच्या हाती फोन दिला की शिक्षण झाले असे पुष्कळांना वाटते.

आता मेंदूत शिरू. १९७६ साली फर्नांडो नॉटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरीच्या मेंदूतली गाण्याची ठाणी शोधून काढली. एका ठाण्याचे नाव एचव्हीसी. तेथून आज्ञा दुसऱ्या ठाण्याकडे जाते, तेथून खाली सिरिंक्सच्या आणि श्वासाच्या स्नायूंकडे. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी झेब्रा फिंचच्या एचव्हीसीतल्या एकेका पेशीवर कान ठेवला. एक पेशी अख्ख्या गाण्यात एकदाच बोलते, तेही सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी वेळ, आणि दर वेळी नेमक्या त्याच जागी. आमच्या गेटावर हजेरी घेताना मुकादम नावे पुकारतो. प्रत्येक जण आपले नाव आले की एकदा "हजर" म्हणतो आणि गप्प राहतो. अशा एकेका "हजर"ची साखळी म्हणजे ते गाणे. नंतर हे ठाणे किंचित गार करून पाहिले, तर सारे गाणे सावकाश झाले, सूर मात्र तेच राहिले. म्हणजे तालाचे घड्याळ येथे आहे.

ही झाली हुकुमाची वाट. शिकण्याची वाट वेगळी, वळसा घेऊन जाणारी. या वळणावरचे एक ठाणे मुद्दाम गडबड करते. लहानपणी ते सुरांत थोडे इकडे-तिकडे करायला लावते. ते ठाणे लहान पिल्लात निकामी केले तर गाणे एकसुरी होते आणि शिकणे तेथेच थांबते. चुका केल्याशिवाय शिकणे नाही, हे आपण सुविचार म्हणून फळ्यावर लिहितो. पाखराच्या डोक्यात त्यासाठी स्वतंत्र खाते आहे. आणि चूक झाली की बरोबर आले, हे कळवण्याचे काम डोपामिन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या पेशी करतात. अपेक्षेपेक्षा सूर बरा लागला की त्या अधिक बोलतात, बिघडला की मंदावतात. याचा खुलासा २०१६ साली झाला. आणखी एक. शिकागोच्या संशोधकांना २००० साली असे दिसले की झोपलेल्या झेब्रा फिंचच्या मेंदूत गाण्याच्या पेशी दिवसाच्याच क्रमाने चमकतात. पक्षी गप्प असतो, मेंदू रियाज करत असतो.

राजन यांनी अमेरिकेत अ‍ॅलिसन डूप यांच्याबरोबर केलेले आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेले काम मला फार आवडले. झेब्रा फिंच एकदम गाऊ लागत नाही. आधी एक छोटा सूर पुन्हा पुन्हा काढतो, टक्, टक्, टक्. त्यांमधले अंतर कमी कमी होत जाते, आणि मग गाणे सुटते. हा गळा साफ करण्याचा प्रकार नसावा, मेंदूची तयारी चाललेली असावी, असे त्यातून दिसले. पुढे २०१९च्या निबंधात असे आले की ऐकणे बंद झालेला पक्षीही ही सुरुवात तशीच करतो. मी तीस वर्षे गेटसभा घेतो आहे. पहिल्या दोन मिनिटांत मी काय बोलतो ते मलाच आठवत नाही. "मित्रहो, मित्रहो" एवढेच तीन-चार वेळा म्हणतो आणि मग भाषण सुटते. झेब्रा फिंचचे वाचल्यापासून मला त्याची लाज वाटेनाशी झाली आहे.

९० दिवसांत दार बंद होते, म्हटल्यावर आमच्यासारख्या उशिरा शिकणाऱ्यांनी काय करावे? निराश होऊ नका. सगळ्यांचे दार बंद होत नाही. कॅनरी दर वर्षी नवे तुकडे शिकतो. त्याच्या मेंदूतली गाण्याची ठाणी वसंतात वाढतात आणि हंगाम सरला की आक्रसतात. मोठेपणी मेंदूत नव्या पेशी जन्मत नाहीत अशी पूर्वी समजूत होती. कॅनरीच्या मेंदूत त्या जन्मतात हे १९८०च्या दशकात नॉटेबोम यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, आणि जुन्या समजुतीला मोठा धक्का बसला. साळुंकी मोठेपणीही नवे आवाज उचलते.

२००९ साली प्रसिद्ध झालेला न्यूयॉर्कचा एक प्रयोग तर प्रत्येक शाळेत सांगावा असा आहे. एकटा वाढलेला, बेढब गाणे म्हणणारा झेब्रा फिंच गुरू म्हणून दिला. त्याच्या शिष्याने तेच बेढब गाणे उचलले, पण थोडे सुधारून. त्या शिष्याच्या शिष्याने आणखी थोडे. तीन-चार पिढ्यांत गाणे रानातल्या पक्ष्यांच्या गाण्याजवळ आले. माझे वडील अंगठा लावत. मी सातवी झालो. मुलगी पदवीधर झाली. आमच्या घरातले गाणे अजून सुधारायचे आहे, पण दिशा बरोबर आहे असे मला वाटते.

उलटेही घडते. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा पक्षी इतका दुर्मिळ झाला आहे की पिल्लांना शिकवायला जुने नर उरले नाहीत. २०२१ साली संशोधकांनी लिहिले की सुमारे बारा टक्के नर आपले गाणे न म्हणता भलत्याच जातींचे गाणे म्हणतात. माद्या अशांना फारशा विचारत नाहीत. पक्षी शिल्लक असतानाच त्यांचे गाणे मरू लागले आहे.

आता माझ्या कोड्याकडे येतो. माझी उमेदीची वर्षे याच जिल्ह्यातल्या एका जिनिंग कारखान्यात गेली. रेच्यांच्या रांगा, सरकी आणि रुई वेगळी होण्याचा अखंड गडगडाट, त्यात आठ तास, हंगामात बारा. शेजारच्या गड्याशी बोलायचे तर तोंड कानाशी न्यावे लागे. त्याला आम्ही त्रास म्हणत नव्हतो, आम्ही त्याला काम म्हणत होतो. कानात आतल्या गोगलगायीसारख्या भागात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाज त्या झेलतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात, आणि प्रथम मरतात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या पट्टीच्या. छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांचा बराचसा आवाज नेमका या पट्टीत आणि तिच्या वर असतो. कोकिळाचा सूर खालच्या पट्टीतला, म्हणून तो मला राहिला. उपजत गाणारा राहिला, शिकून गाणारा गेला.

पाखरे गेली एवढेच असते तर मी आपल्याला त्रास दिला नसता. माणसाच्या बोलण्यातले स, श, फ हे वर्णही वरच्या पट्टीतले. काही वर्षांपूर्वी एका वाटाघाटीत मालकपक्षाने थकबाकी देण्याचे तोंडी कबूल केले. "साठ दिवसांत," असे ते म्हणाले. मी ऐकले "आठ दिवसांत." बाहेर येऊन गेटावर मी तसे जाहीर केले. टाळ्या पडल्या. नवव्या दिवशी लोक पैसे मागायला आले, आणि एका म्हाताऱ्या कामगाराने सर्वांसमोर मला विचारले, "भाऊ, तुम्ही खोटं बोललात का?" मी खोटे बोललो नव्हतो. मालकही त्या दिवशी खोटे बोलला नव्हता. मध्ये एक "स" पडला होता. ज्याचे भांडवल केवळ शब्द आहे, त्याचा शब्द तेथे गेला. त्यानंतर मी कान तपासून घेतले आणि हे कानामागचे यंत्र आले. बोलणे त्याने बरेच सुधारते. शिंजिर काही परत आला नाही.

पक्ष्यांचे मात्र वेगळे आहे. १९८७-८८च्या सुमारास असे आढळले की पक्ष्याच्या कानातल्या मेलेल्या केसपेशी काही आठवड्यांत पुन्हा उगवतात. २००२ साली बंगाली मुनियेवर, म्हणजे आपल्याकडच्या मुनियेच्या माणसाळलेल्या जातीवर, प्रयोग झाला. कान गेल्यावर तिचे गाणे विस्कटले. केसपेशी पुन्हा उगवल्या, ऐकू येऊ लागले, आणि गाणे जागेवर आले. आठवण मेंदूत टिकून होती. फक्त कान हवा होता. आपल्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. निसर्गाने ही सवलत चिमुकल्या पाखराला दिली, आणि सारे कारखाने उभारणाऱ्या माणसाला दिली नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सूचित रोग म्हणून नोंदले गेले होते, आणि आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा नियमांनी घातली होती. कामगारांना ते कोणी सांगितले नाही, आणि मला स्वतःला ते कळले तेव्हा उशीर झाला होता. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथे कान धोक्यात आहे एवढी खूण पुरे. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला कानात घालायची बोंडे मिळावीत आणि वर्षातून एकदा कान तपासला जावा. आणि ज्या तरुणांना कारखाना लागला नाही, त्यांनी तो मिरवणुकीत विकत घेऊ नये. लग्नाच्या डीजेपुढे छातीत धडधड होईपर्यंत नाचणाऱ्या पोरांना मी नाचू नका म्हणत नाही. चार पावले मागे सरका म्हणतो. कडेवरच्या लेकराला तर तेथे नेऊच नका. त्याचे अजून ऐकून ठेवण्याचे दिवस आहेत.

आम्ही चळवळीतले लोक आवाज उठवा, आवाज उठवा म्हणून सांगत आलो. पाखरांनी मला शिकवले की आवाजाच्या आधी कान येतो. ज्याला ऐकता येत नाही, त्याचा आवाज नुसता मोठा होतो. तो मोठा होत गेलेला आमच्या घरच्यांनी सोसला आहे.

धरणाखाली मी आणि मुलगी अजून जातो. आता मी खोटे बोलत नाही. शिंजिर गाऊ लागला की ती माझा हात हातात घेते आणि बोटाने तळव्यावर त्याचा ताल धरते. टक्, टक्, टक्, आणि मग भरभर. मी वर चोचीकडे पाहत राहतो. ज्यांचे कान शाबूत आहेत, त्यांनी एकदा सकाळी जरूर यावे.